उभी राहूनच गा

११ जानेवारी, नॅशव्हिल

आज माझं गाणं रेडिओकडे गेलं. ‘दुसरी पाळी’. आई शर्टाच्या कारखान्यात दुपारी जायची आणि आम्ही झोपल्यावर परत यायची, त्याचं गाणं. दहा वर्षं या शहरातल्या बारमध्ये दुसऱ्यांची गाणी गाऊन घसा फोडला, तेव्हा कुठे एका कंपनीने माझं स्वतःचं एक गाणं बाहेर काढलं. आनंद व्हायला हवा. झालाही होता, दुपारपर्यंत.

दुपारी कंपनीचे क्रेगसाहेब म्हणाले, "ट्वायला, मे संपेपर्यंत गाणं देशभरच्या यादीत पहिल्या चाळिसात आलं तर तुझी अख्खी रेकॉर्ड काढू. नाही आलं तर हात मिळवू आणि मोकळे होऊ."

मोकळे तेच होणार. मी कुठली मोकळी होते?

गाणं पहिल्या चाळिसात यायचं तर स्टेशनांनी ते वाजवायला हवं, आणि स्टेशनांनी वाजवायचं तर मी गिटार घेऊन प्रत्येक स्टेशनच्या दारात जाऊन गाणी ठरवणाऱ्या साहेबासमोर गायला हवं. माझ्याबरोबर कंपनीने गिल हॅस्क्यू यांना दिलंय. साठीचे आहेत. स्टेशनवाल्यांची मनधरणी करण्यात त्यांचा जन्म गेला. कुठल्या साहेबाची मुलगी कुठल्या शाळेत जाते, कोणाला कुठले डोनट आवडतात, सगळं तोंडपाठ.

गिलनी आज गाडीत मला समजावलं. "हे बघ पोरी, एक गोष्ट डोक्यात ठेव. दोन बायकांची गाणी लागोपाठ वाजवत नाहीत. तासाला एक बाई. नवीन बाईला तर त्याहून कमी."

"का?"

"लोक स्टेशन बदलतात म्हणे."

"कुठले लोक? मी तर नाही बदलत."

"मी नियम केला नाही, ट्वायला. मी फक्त गाडी चालवतो."

आणि त्या एका जागेसाठी याच आठवड्यात अलाबामाची मार्नी प्रुइट पण निघालीय. दुसऱ्या कंपनीची. तिचं गाणं आहे ‘चावी पायपुसण्याखाली’. नवऱ्याला घराबाहेर काढलेल्या बाईचं. एकदा ऐकलं आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

१९ जानेवारी, ओहायो

तीन स्टेशनं झाली. सगळीकडे तेच. मीटिंगची खोली, एका कोपऱ्यात झेरॉक्सचं मशीन, लांब टेबल, टेबलाभोवती पाच-सहा बाप्ये डोनट खातायत, आणि मी आईचं गाणं गातेय. आजच्या ठिकाणी दुसऱ्या कडव्यात एकाचं जेवण गरम होऊन यंत्र वाजलं. तो उठला, ताट काढलं, बसला, खायला लागला. मी गातेच आहे.

प्रत्येक स्टेशनात एक भिंत असते. आलेला गायक तिच्यावर जाड पेनने सही करतो. आजच्या भिंतीवर अगदी ताजी सही होती, मार्नी प्रुइट. बाई माझ्या एक दिवस पुढे आहे, एकाच रस्त्याने. आणि सहीच्या शेजारी बाण काढून लिहिलंय, "ही जागा ट्वायला स्टॅम्परसाठी ठेवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुठे सही करायची हे ही कोण ठरवणार? आदल्या दिवशी येऊन साहेबांना रिझवायचं आणि वर माझ्यासाठी उरलंसुरलं राखून ठेवल्याचा मोठेपणा. मी तिथे सही केलीच नाही. पार पलीकडे, दाराच्या मागे केली. तिथे कोणाला दिसणारही नाही, हे बाहेर पडल्यावर लक्षात आलं.

२ फेब्रुवारी, इंडियाना

आजच्या साहेबाने गाणं शांतपणे ऐकलं. डोळेसुद्धा पुसले. म्हटलं चला, एक तरी माणूस भेटला. तर म्हणतो, "फार सुंदर. माझी आई पण कारखान्यात होती. पण काय आहे, आमच्याकडे सध्या बाई आहे."

"कुठली बाई?"

"मार्नी. कालच घेतली."

जशी गोठ्यात म्हैस घेतली. मी काहीतरी बोलणार होते, गिलनी माझ्या पायावर पाय दिला.

भिंतीवर आहेच मार्नी. या वेळी लिहिलंय, "ट्वायला, इथली चिली खाऊ नकोस."

स्टेशनची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, प्रसिद्ध आहे म्हणे, साहेबाची बायको घरून मोठ्या पातेल्यात पाठवते. म्हणजे आता मी काय खायचं हेही ही ठरवणार. मी दोन वाट्या खाल्ल्या. साहेब खूश झाला.

४ फेब्रुवारी, इंडियानातच, मोटेल

आज कुठे उठून बसले. काय त्या चिलीत होतं देव जाणे. परवाची सगळी वाट गिल दर पेट्रोलपंपावर गाडी थांबवत होते.

सकाळी साधे बिस्किटाचे तुकडे घेऊन आले आणि म्हणाले, "तिने तर सांगितलं होतं खाऊ नकोस म्हणून."

"तुम्ही माझे की तिचे?"

"मी कोणाचाच नाही. पण सांगितलं होतं, एवढंच म्हणतोय."

नशीब काढलंय मी. मनधरणीला माणूस दिला, तो माझ्याच डोक्यावर मिरे वाटतोय.

१७ फेब्रुवारी, टेनेसी

डॅडींचा फोन. ते केंटकीच्या डोंगरात आमच्या घराखालच्या गॅरेजमध्ये अजून लोकांचे ट्रक दुरुस्त करतात. तिथे फळीवर मी जन्मायच्या आधीपासूनचा रेडिओ आहे, ग्रीसने काळा झालेला. आईला मागणीही त्यांनी त्याच रेडिओवरून घातली होती, एक गाणं लावायला सांगून. त्यांना माझं गाणं फोनवर पाठवलं तर ऐकत नाहीत.

"रेडिओवर लागेल तेव्हा ऐकीन."

"डॅडी, ऐका ना आत्ता. आईचं आहे."

"म्हणूनच. तिचं गाणं मी फोनला कान लावून ऐकू? लागू दे. मी रेडिओ बंदच करत नाही."

आमच्या डोंगरातलं स्टेशन छोटं आहे. ते गाणी स्वतः ठरवत नाही. आर्कान्सासमधला कोणी रँडल म्हणून आहे, त्याच्या हातात अठरा स्टेशनं आहेत, आमचं त्यातलं एक. तो हो म्हणाला की डॅडींच्या फळीवर गाणं वाजणार. पुढच्या महिन्यात त्याच्यापुढे गायचंय. बाकी चाळीस गेले चुलीत, मला तेवढं एक ‘हो’ हवंय.

३ मार्च, आर्कान्सास

रँडलच्या स्टेशनात गायले. इथे मीटिंगची खोली नाही. त्याच्या स्वतःच्या खोलीत गायचं, तिथे एक मोठा चामड्याचा सोफा आहे.

आत जाताना भिंत पाहिली. मार्नीने लिहिलं होतं, "ट्वायला, इथे उभी राहूनच गा."

मी सात वर्षांची असल्यापासून चर्चमध्ये बसून गातेय. मला गायला शिकवतेय. मी सोफ्यावर बसले.

आज यापुढे लिहीत नाही.

४ मार्च

लिहिते.

रँडलने गिलना कॉफी आणायला पाठवलं. चौकापलीकडच्या दुकानातलीच हवी होती त्याला. गिल गेले. मी गाणं सुरू केलं. रँडल समोरच्या खुर्चीतून उठून माझ्याजवळ येऊन बसला. पहिल्या कडव्यात गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या कडव्यात तो गुडघ्यावर नव्हता.

माझे दोन्ही हात गिटारवर. एक तारांवर, एक तिच्या मानेवर. हात सोडला तर गाणं थांबतं, आणि गाणं थांबलं तर अठरा स्टेशनं गेली, डॅडींचा रेडिओ गेला. मी गात राहिले. आईचं गाणं. शेवटचं कडवं आई घरी येते आणि बूट हातात घेऊन जिना चढते, पोरं उठू नयेत म्हणून, ते. ते मी गात होते आणि तो माणूस मान डोलवत होता.

गिल कॉफी घेऊन आले तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. "गोड मुलगी आहे," म्हणाला.

गाडीत मी गिलना सांगितलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मी ऐकून होतो."

"काय ऐकून होता?"

"असंच. त्याच्याबद्दल."

"आणि कॉफी आणायला गेलात?"

"ट्वायला, त्याच्याकडे अठरा स्टेशनं आहेत. त्याने कॉफी सांगितली तर मी काय सांगणार, नाही आणत?"

"हो. तेवढंच सांगायचं होतं."

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही.

आणि ती मार्नी. माहीत होतं तर सरळ लिहायचं ना भवाने, की हा माणूस असा आहे. उभी राहून गा, उभी राहून गा, मला काय स्वप्न पडणार होतं? सकाळपासून हेच डोक्यात. मग दात घासताना कळलं. भिंत त्याची. पेन त्याच्याच टेबलावरचं. तो बाजूला उभा असणार, ती लिहीत असणार, आणि त्याच्या नाकासमोर जेवढं लिहिता येईल तेवढं तिने लिहिलं.

ओहायो. चिली. सगळं आठवलं. मी आरशासमोर स्वतःला शिव्या घातल्या, चांगल्या डोंगरातल्या.

९ मार्च, नॅशव्हिल

क्रेगसाहेबांनी बोलावलं. टेबलावर केक.

"अठराच्या अठरा! रँडलने तुला घेतलं. काय गायलीस गं तिथे?"

मी विचारलं, "त्याच्याकडे मार्नी होती ना? दोन बायका कशा चालतात?"

"ती गेली. तिने त्याच्या खोलीत काहीतरी तमाशा केला म्हणे, गरम कॉफी ओतली मांडीवर. डोक्याने जरा अशीच आहे. तिच्या कंपनीने पण सोडलं तिला. तर एक जागा रिकामी झाली."

असं आहे तर. तिने कॉफी ओतली म्हणून तिचं गाणं गेलं. मी मूग गिळून गात राहिले म्हणून माझं आलं. माझं गाणं चांगलं आहे म्हणून नाही, आईचं आहे म्हणून नाही. मी हलले नाही म्हणून.

मी क्रेगसाहेबांना रँडलचं सांगितलं. सगळं. त्यांनी दार लावून घेतलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "वाईट झालं. खरंच वाईट झालं. पण गाणं चढतंय, ट्वायला. आत्ता नको."

"मग कधी?"

"मोठी झालीस की."

मी केक खाल्ला नाही. एवढं तरी केलं.

१२ मार्च

गाणं रोज वाजतंय, पण पहाटे, डॅडी उठायच्या आधी. त्यांनी अजून ऐकलं नाही. "तू वाजतेस असं लोक सांगतात," म्हणाले. आवाजात नुसता अभिमान. चहा उतू जातोय सांगून फोन ठेवला. मी चहा पीत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

२० मार्च

मार्नीला शोधून काढलं. खालच्या रस्त्यावरच्या एका बारमध्ये दुपारच्या पाळीला गाते, जिथे मी दहा वर्षं गात होते. समोर पर्यटक, काउबॉयच्या नव्याकोऱ्या टोप्या, पुढ्यात बक्षिसीची बादली. मला वाटलं होतं कोणी नखरेल पोरगी असेल. ही माझ्यापेक्षा मोठी, उंच, तोंडात च्युइंगगम. गाणं संपवून माझ्यासमोर येऊन बसली.

"चिली खाल्लीस ना?"

"खाल्ली."

"वाटलंच. मी पण. तीन दिवस." मग जरा थांबून, "आणि तिथे? उभी राहिलीस?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने तोंडातला गम काढून कागदात गुंडाळला.

"मी जास्त काही लिहू शकले नाही गं," ती म्हणाली. "तो बाजूलाच उभा होता. पँट बदलायची होती त्याला, तरी उभा. म्हणे, आमच्या भिंतीवर सगळे सही करतात."

"आणि ओहायोत ते जागेचं काय होतं? मी किती चिडले माहितीये?"

"ते होय? म्हटलं रेडिओवर नाही तर नाही, निदान भिंतीवर तरी दोन बायकांची नावं लागोपाठ येऊ देत. तू केलीस ना तिथे सही?"

"दाराच्या मागे केली."

ती इतकी हसली की बारवाला बघायला आला. मलाही हसू आलं. मग एकदम रडू यायला लागलं, म्हणून मी भांडायला लागले. तुझी जागा मी घेतली, तू मला शिव्या का देत नाहीस, असं काहीबाही. ती म्हणाली, "माझ्याजवळ शिव्या थोड्याच आहेत. तुझ्यावर कशाला वाया घालवू?"

२ मे

गाणं त्रेचाळिसावर आलंय. रँडलच्या स्टेशनांचा वसंतातला मोठा कार्यक्रम आहे नऊ तारखेला, आर्कान्सासमध्ये, मैदानावर, अठरा स्टेशनांवर थेट. मला दोन गाणी दिलीत. क्रेगसाहेब म्हणाले, "हे झालं की चाळिसात. नीट वाग."

डॅडींना वेळ सांगितली. त्यांनी त्या दिवशी ट्रक घेणार नाही असं गिऱ्हाइकांना कळवून टाकलं. शेजाऱ्यांना बोलावलंय, घेवडा आणि मक्याचा पाव करणार आहेत. "तुझी आई असती तर," म्हणाले.

मार्नीला फोन केला. तिच्या गाण्याचे सूर विचारून घेतले. "कशाला?" म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, "मूर्ख आहेस. दुसऱ्या ओळीनंतर जरा थांब, लोक तिथे हसतात."

१० मे

काल जे झालं ते जसं झालं तसं लिहिते, कारण आता लोक वेगवेगळं सांगणार.

स्टेजवर त्यांनी उंच स्टूल ठेवलं होतं. मी ते बाजूला सरकवलं. निवेदकाने सांगितलं, आता ट्वायला स्टॅम्पर, ‘दुसरी पाळी’. मी ‘चावी पायपुसण्याखाली’ सुरू केलं. स्टेजच्या बाजूला रँडल उभा होता, पांढरी टोपी घालून. पहिल्या ओळीला त्याला कळलं नाही. मैदानातल्या बायकांना कळलं. दुसऱ्या ओळीनंतर मी थांबले आणि त्या हसल्या, आणि शेवटी सगळ्या माझ्याबरोबर गात होत्या.

मी म्हटलं, "हे मार्नी प्रुइटचं गाणं. तुमच्या स्टेशनने ते बंद केलं. आता मी माझं गाते. दोन बायका लागोपाठ वाजल्या की लोक स्टेशन बदलतात म्हणे. बघू या कोण बदलतं."

लोक ओरडले. रँडल कोणाला तरी गळ्यावरून बोट फिरवून दाखवत होता, बंद करा म्हणून. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला कळलं. मी म्हटलं, "इथे गायला येणाऱ्या पोरींनो, रँडलसाहेबांच्या खोलीत चामड्याचा सोफा आहे. त्यावर बसू नका. मी बसले होते. दोन्ही हात गिटारवर होते माझे, त्याचे मोकळे होते. उभ्या राहूनच गा."

मग मी आईचं गाणं सुरू केलं. माइक अर्ध्या ओळीत बंद पडला. मी गात राहिले. पुढच्या चार रांगांना ऐकू गेलं असेल. गाणं मी संपवलं. बूट हातात घेऊन जिना चढण्यापर्यंत.

११ मे

क्रेगसाहेबांनी हातसुद्धा मिळवला नाही. त्यांच्या वकिलाने फोन केला.

गाणं अठराच्या अठरा स्टेशनांवरून काढलं. कसं एका दमात काढलं. घ्यायच्या वेळी एकेकाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

डॅडींना फोन करायला दुपारपर्यंत धीर झाला नाही. शेवटी त्यांनीच केला.

"ऐकलं का?" मी विचारलं.

"ऐकलं. ते चावीचं गाणं झकास आहे. मग तू बोललीस. मग गादीची जाहिरात लागली."

"आईचं नाही लागलं?"

"एक शब्द लागला." मागे पाना खाली पडल्याचा आवाज. "ट्वायला, तो कुठे राहतो?"

"डॅडी, नाही."

"मी फक्त विचारतोय. ट्रक तयार आहे."

"डॅडी, मी बोलले ना. अठरा स्टेशनांवर बोलले."

"बोललीस." त्यांचा आवाज फाटला. "मी त्या फळीसमोर वाट बघत बसलो होतो गं, इतके महिने. त्याच माणसाचा रेडिओ लावून."

रेडिओ त्यांनी काढून गॅरेजच्या बाहेर ठेवलाय, भंगारवाल्यासाठी. म्हणाले, "ये घरी. तूच गा. मी ऐकतो." मी रविवारी जातेय. रडले नाही. इतका राग आहे की रडायला जागाच नाही.

२८ जून, नॅशव्हिल

दर शनिवारी दुपारी मी आणि मार्नी त्याच बारमध्ये गातो, एक तिचं, एक माझं, लागोपाठ. अजून कोणी उठून गेलं नाही.

आज गिलचा फोन आला. मेनंतर पहिल्यांदाच. त्यांना कंपनीने नवीन गायिका दिलीय, डेलफा म्हणून, ओक्लाहोमाची, एकोणीस वर्षांची. तिला घेऊन आर्कान्सासला गेले होते.

"भिंत पांढरी रंगवलीय," म्हणाले. "सगळ्या सह्या गेल्या."

"आणि?"

"सोफा काढून टाकलाय. तिथे आता खुर्च्या आहेत."

"आणि रँडल?"

"रँडल आहे."

दोन गायिका गेल्या, भिंत गेली, सोफा गेला. रँडल आहे. मला वाटलं फोन भिंतीवर आपटावा.

"मी खोलीतून हललो नाही, ट्वायला," गिल म्हणाले. "त्याने कॉफी सांगितली. मी म्हटलं, गुडघे दुखतात. आणि पोरगी उभी राहून गायली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, मी पण नाही. तिने ऐकलं होतं त्या दिवशी, घरी, रेडिओवर."

त्यांना वाटत होतं मी शाबासकी देईन. गुडघे तर मार्चमध्येही होते त्यांना.

"आता कुठे निघालात?" मी विचारलं.

"इंडियाना."

"तिला सांगा, चिली खाऊ नकोस."